सुपभर कोंड्याची मोटार

एजंट चांगले होते, विक्षिप्त होते की नुसतेच हट्टी होते, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. त्यांचा विषय निघाला की वहिनी पदराने डोळे पुसते. दादा मिशीत हसतो. मी पडलो मास्तर. जन्मभर पोरांना 'कारणे द्या' म्हणून प्रश्न घालत आलो, पण या गृहस्थाच्या वागण्याची कारणं मला कोणी विचारली तर मी कोरी पाटी पुढे करीन.

त्यांना नाव होतं, पण ते घेताना मी कुणाला ऐकलं नाही. नांदगावच्या तिठ्यावर त्यांची मोटारींची एजन्सी होती, म्हणून ते एजंट. त्यांची बायकोसुद्धा दारात आलेल्याला "एजंट जेवतत, वायच बसा," असं सांगायची. एजन्सी म्हणजे एक लांबडी कौलारू शेड, पुढे चोपून केलेलं खळं आणि मागे त्यांचं घर. त्या दिवसांत आमच्या मुलखात मोटार घेणार कोण? एखादा डॉक्टर, एखादा आंब्याचा व्यापारी, दोन-चार ट्रकवाले. गाड्या विकून त्यांचं भागत नसावंच. दुरुस्तीची शेड मात्र सदा भरलेली असायची. फक्त त्यातल्या अर्ध्या गाड्यांना कोणी हात लावत नसे, आणि त्यांचे मालक बाकावर बसून चहा पीत असत.

अंगात पांढराशुभ्र कोट, धोतर, डोक्याला काळी टोपी आणि काखेत छत्री, असा त्यांचा वेष. छत्री ते शेडमध्येही उघडत. वर उचललेल्या गाडीखाली काही बघायचं झालं की आधी छत्री उघडायची आणि मग वाकून आत शिरायचं. ऑइलचे थेंब छत्रीवर टपटपायचे आणि आतून एजंटांचा आवाज यायचा, "मेल्या, म्हशीक तरी न्हाणयतंस की नाय? मगे हिका कित्याक चिखलात लोळयलंस?"

हा 'मेल्या' म्हणजे गाडीचा मालक. एजंटांकडून गाडी घेतलेल्या माणसाला अशाच शिव्या मिळत. त्याला बसायला सांगत नसत, पाणी विचारत नसत. डॉक्टर असो नाहीतर खोत, सगळे एका माळेचे मणी. पण गाडी दुसरीकडून घेतलेला माणूस आला की एजंट टोपी सारखी करत आणि एकदम पुस्तकी मराठीत शिरत. "यावे, यावे. प्रवास सुखाचा झाला ना? आपण चहा घेणार की कोकमाचे सरबत?" त्याला गादीचा बाक मिळे. जेवायची वेळ असली तर पान वाढलं जाई. नव्या माणसाला वाटे, काय हा आदर! बाजूला घरचं गिऱ्हाईक उन्हात शिव्या खात उभं आहे आणि आपण परके असून पंख्याखाली. संध्याकाळी घरचं गिऱ्हाईक गाडी घेऊन भुर्र निघून जाई. परक्याची गाडी सकाळी जिथे उभी केलेली तिथेच असे.

गोवा मुक्त झाल्यानंतर इन्सुलीच्या नाक्यावरून तिकडच्या विलायती गाड्या आमच्या बाजूला यायला लागल्या. एकदा अशीच एक लांबलचक गाडी घेऊन पेडण्याकडचे एक बाब, म्हणजे तिकडचे बडे गृहस्थ, आले. गाडी गरम होत होती. एजंटांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. आंबोळ्या झाल्या, कोंबडी झाली, दुपारी झोपायला खाट टाकली. गाडीचं झाकण कोणी उघडलंही नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी बैल जुंपून गाडी कणकवलीला नेली, तेव्हा एजंटांनी मागच्या सीटवर दोन फणस ठेवले आणि हात जोडून म्हणाले, "पुन्हा अवश्य यावे." बाब कितीतरी वेळ फणसांकडे बघत राहिले होते, असं म्हणतात.

याचा अर्थ काय, असं मी एकदा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "पावण्याच्या पोटाक बघूचा. पेटीक हात लावचो नाय."

एजंटांचं सगळं शास्त्र मानाचं होतं. आमच्याकडे देवळात पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणं नसतं. मानकरी रुसला तर जत्रा अडते, आणि ती अडली तरी त्याच्याऐवजी दुसरा कोणी नारळ फोडत नाही. एजंटांनी हे शास्त्र मोटारीला लावलं होतं. गाडी विकणारा हा त्या गाडीचा मानकरी. झाकण उघडण्याचा मान त्याचा. दुसऱ्याने उघडायचं तर आधी त्याने पानसुपारी नारळ पाठवून संमती द्यायला हवी. आपल्या गाडीला ते गाऱ्हाणं घालूनच वेशीबाहेर काढत. हातात नारळ घेऊन मोठ्याने, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान चार चाकांची वस्तू घेतल्यान हा, तेच्या वाटेत काय वाकडा नाकडा इला तर ता दूर कर रे म्हाराजा!" आणि शेडमधले सगळे फिटर हातातली पकड खाली ठेवून ओरडत, "व्हय म्हाराजा!"

त्यांच्या डॉक्टर गिऱ्हाइकाने एकदा अडीअडचणीला सावंतवाडीत इंजिनाचा पट्टा बदलून घेतला. नवा पट्टा दिसताच एजंट मागे गेले, सुतक आल्यासारखी डोक्यावरून आंघोळ करून आले आणि ओल्या धोतराने दारात बसले. डॉक्टरांची बोबडी वळली. म्हणाले, "अहो, पेशंट मरायला टेकला होता!" एजंट म्हणाले, "पेशंट वाचलो मां? मगे माझ्यासाठी तुमी आज वायच मरा." आणि डॉक्टरांना दिवसभर बसवून ठेवलं.

या असल्या माणसाच्या दारात आमची मोटार जाऊन पडली.

दादा माझ्याहून मोठा, मुंबईला गिरणीत होता. वर्षातून एकदा गणपतीला यायचा, आणि परत जाताना मालवणच्या बंदरावर वहिनी ज्या पद्धतीने उभी राहायची ते बघून मला दुसऱ्या दिवशी शाळेत धड शिकवता येत नसे. आईचं वय झालं होतं. शेवटी एका वर्षी दादा म्हणाला, पुरे झाली गिरणी. त्याच्या खोलीवरचा एक सोबती कोल्हापूरचा होता, त्याच्या ओळखीने दादाने तिथल्या एका मोटार विकणाऱ्या दुकानातून एक काळी मोटार घेतली. जुनीच, पण तोंड बऱ्यापैकी रंगवलेलं. मालवण ते कणकवली टॅक्सी चालवायची असा बेत. आमचं गाव मधेच, कट्टा गावाजवळ. गाडी चालली तर दादा घरी राहणार आणि नाही चालली तर आगबोट आहेच, हे घरात कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीने गाडीच्या पुढच्या काचेला रोज ताजी अबोली लावायला सुरुवात केली.

दिवाळी झाली आणि जत्रा तोंडावर आल्या. जत्रांचे दिवस म्हणजे टॅक्सीवाल्यांची सुगी. नेमकी तेव्हाच गाडी कणकवलीच्या पुलाशी खोकली, धूर टाकला आणि बसली. तिचं काम करण्याची हत्यारं त्या भागात एजंटांकडेच होती. ट्रकच्या मागे दोरखंडाने बांधून आम्ही ती नांदगावला नेली.

"यावे, यावे," एजंट म्हणाले. "आपण कोठून घेतली ही मोटार?"

दादाने सरळपणे सांगितलं, कोल्हापूरहून. एजंटांनी खिशातून रुमाल काढून गादीचा बाक झाडला. मला त्या बाकाची कीर्ती ठाऊक होती. दादा मुंबईचा. तो खूश होऊन बसला आणि माझ्या कानात म्हणाला, "भलो माणूस दिसता रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. सरबत, चहा, पोहे. गाडी तशीच. दादाने शेवटी विचारलं, "एजंटांनू, काम कधी सुरू करतलास?"

"आपल्या कोल्हापूरच्या दुकानदारांचा नारळ आला, की तत्क्षणी," एजंट म्हणाले. "त्यांचा मान मी कसा मोडू? आपणच विचार करा."

दादाला आधी वाटलं थट्टा आहे. मी शास्त्र समजावून सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच ते काढलं होतं. पण करणार काय? अडला हरी! सकाळच्या एस.टी.ने तो फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेला. दुकानदार नवं कोरं टेबल टाकून बसला होता. दादा म्हणाला, तुमची गाडी बंद पडली आहे, आमच्याकडचे एजंट उघडतील, तेवढा एक नारळ द्या. दुकानदाराला वाटलं हा माणूस देवस्थानाची वर्गणी मागतो आहे. उलगडा झाल्यावर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "दादा, गाडी विकली, विषय संपला. आता ती चालू दे नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळा. आमचा काय संबंध?"

रिकाम्या हाताने परत यायचं कसं? दादाने येताना फोंड्याच्या बाजारात एक नारळ घेतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि एजंटांच्या हातात ठेवला.

एजंटांनी नारळ हलवून पाहिला, शेंडी चिमटीत धरून पाहिली. "हा नारळ घाट उतरून आलेला नाही," ते म्हणाले. "याच्या शेंडीला अजून ओल आहे. हा कालपर्यंत माडावर होता."

मग मात्र दादाचा तोल गेला. तीन दिवसांचे चहापोहे एकदम बाहेर पडले. "होय, फोंड्याचो आसा! तो कोल्हापूरवालो हसलो माका. म्हणता, गाडी विकली, विषय संपला. कोंबडे पाळ म्हणता तिच्यात! आता खंयसून हाडू तुमका नारळ? तुमका गाडी करूची नाय तर तसा सांगा. मी आपलो जातंय मुंबयक."

एजंटांनी नारळ बाकावर ठेवला. आमच्या मोटारीजवळ गेले, दिव्याच्या काचेवर बोट फिरवलं. मग वळून हळूच विचारलं, "असा म्हणालो? विषय संपला?"

त्यांना दादाशी मालवणीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"असाच म्हणालो," दादा म्हणाला.

"म्हणजे हिका कोण नाय." एजंटांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे कोल्हापूरवाल्याला शिव्या घालणार. त्याऐवजी त्यांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "गो, सुपभर कोंडो हाड."

बाई सुपात तांदळाचा कोंडा घेऊन आल्या. आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. एजंट दादाला म्हणाले, "ही गाडी माका इक. ह्या कोंड्यार."

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, पण आमच्याकडे ही रीत आहे. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नवं बाळ झालं की आई ते शेजारणीला सुपभर कोंड्यावर विकते. दैवाला वाटावं, या पोराची किंमत काही नाही, याच्याकडे कशाला बघा. काही दिवसांनी आई कोंडा घेऊन जाते आणि पोर परत विकत घेते. अशी पोरं मग कोंडू म्हणून गावभर फिरत असतात. माणसाच्या पोरासाठी ही रीत मला ठाऊक होती. मोटारीला लावलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"माझ्याकडे इली की मी मानकरी," एजंट म्हणाले. "मगे माका हात लावक कोण अडवता?"

"आणि परत कधी देतलास?" दादाने विचारलं.

"परत देणा माझ्या हातात नाय. ज्येची वस्तू तेना येवन मागूक व्हयी. मी निरोप धाडूचंय नाय. आणून देवचंय नाय. रीत ती रीत."

मी दादाचा सदरा मागून ओढला. हा सरळ सरळ लुबाडण्याचा मार्ग आहे, असं मला वाटत होतं. पण दादा थकला होता. त्याने सूप हातात घेतलं. आम्ही एस.टी.त बसून, मांडीवर सूप घेऊन घरी आलो. कंडक्टर म्हणाला, "काय मास्तर, म्हस घेतलात?"

आईने सूप बघितलं आणि मोटार कुठे आहे ते विचारलं. दादाने सांगितल्यावर ती मटकन खाली बसली. "कोंड्यार गाडी दिलंस? झिला, तुका मुंबयच्यानी खुळो केलो काय रे?"

त्यानंतर एजंटांकडून काही कळेना. ते कळवणार नव्हतेच म्हणा. येणारे-जाणारे सांगायचे. कोणी म्हणे, इंजिन सगळं उतरवून केळीच्या पानांवर मांडलंय. कोणी म्हणे, गाडी उभी राहिली, खळ्यात उन्हात असते, एजंट रोज सकाळी चालू करून नुसते आत बसतात. मी दादाला म्हटलं, चल, घेऊन येऊ. दादाचं डोकं फिरलेलं. "मी भीक मागूक जावचंय नाय. तेची गाडी, तो बसांदे तिच्यात. लबाड मेलो." त्याला एजंटांचा राग आला होता की स्वतःचा, मला सांगता येणार नाही. जत्रा सुरू झाल्या. दुसऱ्यांच्या टॅक्सी भरभरून आमच्या दारावरून जाऊ लागल्या. एका संध्याकाळी दादाने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. दोन दिवसांनी मालवणला आगबोट लागणार होती.

सकाळी दादा मालवणला तिकिटाची चौकशी करायला गेला, तशी वहिनी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नेसूचं पातळ, केसात अबोली. हातात ते एजंटांचंच सूप, आमच्या नव्या भाताच्या कोंड्याने भरलेलं, वर फडकं बांधलेलं.

"भावजी, माका नांदगावाक व्हरा."

"वहिनी, तो माणूस देईल याची खात्री नाही."

"तेंका नको असता तर तेंनी कोंडो कित्याक दिल्यानी असतो?" ती म्हणाली. मी चपला घातल्या.

नांदगावला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. आमची मोटार खळ्यात उभी होती, धुतलेली. काचेवरची आमची सुकलेली अबोली त्यांनी काढली नव्हती. एजंट शेडच्या दारात कुणाला तरी शिव्या घालत होते. वाक्य अर्धं झालं असेल, त्यांची नजर रस्त्यावरून खळ्यात उतरणाऱ्या वहिनीवर पडली. एक बाई, डोक्यावर सूप. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. हातातली छत्री खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. वहिनी चालत त्यांच्यापुढे गेली आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "आमचा आमका देवा. न्हेवक इलंय."

एजंट वळून आत निघून गेले.

मी गोंधळलो. रागावले की काय? वहिनीचं काही चुकलं? तेवढ्यात एजंटांच्या पत्नी बाहेर आल्या, वहिनीला हाताला धरून ओटीवर बसवलं आणि पाणी दिलं. "भिया नको गो," त्या म्हणाल्या. "तेंका वायच येळ देवा. ह्या घरात तेंका सुपभर कोंड्यारच घेतलेले. आधीची तीन भावंडा गेलेली. आवशीन सांगल्यान, चार दिसांनी न्हेतलंय. दुसऱ्या दिसाक ती तापान गेली. मगे बापाशीक काय वाटला कोण जाणे, तो इलोच नाय. हयच वाडले, हयच मोठे झाले. सासूबायन काय कमी करूक नाय. पण अजून कोण बाई खळ्यात इली की हे आधी तिच्या डोक्यार बघतत."

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी कौलांकडे बघत बसलो. अशा वेळी पुरुषाने काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

एजंट बाहेर आले ते तोंड धुऊन, टोपी घालून. येऊन सरळ सुपाशी उकिडवे बसले आणि मूठभर कोंडा हातात घेऊन उन्हात धरला. "ह्यात तूस किती गो! असलो कोंडो हाडतत? माझो कसो बारीक होतो!"

"घरात होतो तो हाडलंय," वहिनी म्हणाली.

"बरा. चलात." त्यांनी मूठ परत सुपात रिकामी केली. फिटर जमा झाले होते. एजंटांनी गाडीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. इतर गाड्यांच्या वेळी त्यांचा आवाज तिठ्यापर्यंत जायचा. त्या दिवशी आम्हालाही नीट ऐकू आला नाही. "व्हय म्हाराजा" कुठे म्हणायचं ते फिटरांना कळेना, त्यांनी मधेच कुठेतरी म्हटलं.

आता पंचाईत अशी, की दादा मालवणला आणि मला सायकलसुद्धा धड येत नाही. एजंट म्हणाले, "बसा. मी सोडतंय." कोट सावरून ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. वहिनी मागे, मी पुढे. कणकवली गेली, कसाल गेलं. एवढ्या वेळात ते एकदाच बोलले, तेही दादाबद्दल. "घोवाक सांग, चढावार गियर लवकर बदलूचो. तो उशीर करता. म्हणान ही खोकली."

आमच्या गावची वेस आली, देवळाकडे वळायचं वळण. तिथे त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि दार लावून घेतलं. इंजिन चालूच.

"हयसून तुमची," ते म्हणाले.

"एजंटांनू, घर फुडे आसा! चाय घेवन जावा," वहिनी म्हणाली.

"नाय गो बाय. पोर परत दिल्यार घेणाऱ्यान घराकडे येवचा नसता. पोर मागसून धावता."

"अहो, पण गाडी कोण चालवणार?" मी ओरडलो. "बंद तरी करा!"

"बंद केलंय तर तुमका चालू करूक येवची नाय. घोवाक बोलव." एवढं बोलून ते कसालच्या दिशेने चालायला लागले. कट्ट्याला एस.टी. मिळेल, एवढं आपल्याशीच म्हणाले.

चालू मोटारीत बसलेली वहिनी, ड्रायव्हर नाही, आणि मी रस्त्यात उभा. मी धोतर खोचून घराकडे पळालो. दादा नुकताच परतला होता, तिकीट घेऊन. ओसरीवर बसून ट्रंकेला दोरी आवळत होता. "वहिनी गाडीत बसली आहे," एवढंच मी बोलू शकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याला लांबून इंजिनाचा आवाज ऐकू आला. दोरी हातात होती तशीच घेऊन तो अनवाणी धावत सुटला. तो आवाज पूर्वी कधी इतका सरळ नव्हता, ते मलासुद्धा कळत होतं.

वहिनी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसली होती, जसं काही तिने सोडली असती तर गाडी पळाली असती. दादा ड्रायव्हरच्या जागेवर बसला. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "तिकीट परत घेतत काय गो?"

"घेवक नाय तर जावंदे," वहिनी म्हणाली. "आधी एजंट खंय गेले बघा."

दादाने गाडी वळवली. पुढच्या वळणाशी ते दिसले, पांढरा कोट, रस्त्याच्या मधोमध चालणारा. त्यांना बसवून घ्यावं, निदान कट्ट्यापर्यंत सोडावं, म्हणून दादाने हॉर्न वाजवला. हाका मारल्या.

एजंटांनी मागे वळून पाहिलं नाही. ते रस्त्याच्या कडेला झाले आणि कुठल्याही गाडीला देतात तशी हात हलवून आम्हाला वाट दिली.